थट्टा करणाऱ्यांशी आपले वर्तन

शास्त्रपाठ : लूक ९ : ५१-५६, प्रेषितांची कृत्ये ८ : ४-२५, १ पेत्र ३ : १३-१७.
मुखपाठ : १ पेत्र ३ : १५.
घरी वाचण्यासाठी : २ राजे १ : ९-१५, मार्क १५ : २९-३२, प्रेषितांची कृत्ये १७ : ३२-३४, १९ : ३५-४१.

खेड्यातील मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंस जे प्रश्न वारंवार विचारण्यात येतात, त्यांत हा एक आहे : लोक आमच्या प्रभूची थट्टा करितात, तेव्हा आम्ही काय करावे? जत्रेच्या रात्री तमाशातला सोंगाड्या पाद्र्याचे सोंग घेऊन येतो, तोंडाने काही पुटपुटत पाण्याचे शिंतोडे उडवितो, आणि सारा गाव पोट धरून हसतो. चावडीवर कोणी विचारतो, तुमच्या देवाला स्वतःचा जीव वाचविता आला नाही, तो तुम्हांस काय वाचविणार? अशा वेळी मंडळीतील तरुणांचे रक्त तापते. कोणी म्हणतो, देव यांस पाहून घेईल. कोणी थट्टा करणाऱ्यास नरकाचे सविस्तर वर्णन ऐकवून घरी येतो, आणि आज आपण प्रभूसाठी साक्ष दिली असे समजतो. वडीलधारी माणसे मुकाट्याने निघून जातात; परंतु त्या दिवसापासून त्या घराशी त्यांचे बोलणे बंद होते, आणि हाही एक प्रकारचा निवाडाच होय.

प्रश्न लहान नाही. ज्या गावात ख्रिस्ती घरे दोनचारच आहेत, तेथे शेजाऱ्यांवाचून त्यांचा एक दिवस निभत नाही. विहीर तीच, बांध तोच, पेरणीच्या दिवसांत बैल मागावयाचे तेही त्याच घरी. तेथे एका कडू शब्दाने जे तुटते ते सांधण्यास कधी कधी एक पिढी लागते. आणि शुभवर्तमान त्या गावात पोहोचावयाचे तर ते याच दोनचार घरांच्या तोंडून व वागणुकीतून पोहोचावयाचे असते. म्हणून या धड्यात आपण एका शिष्याच्या मागोमाग चालू, ज्याने एकदा शोमरोनी लोकांसाठी अग्नी मागितला आणि पुढे त्याच लोकांसाठी पवित्र आत्मा मागितला.

आकाशातून अग्नी

प्रभु येशू यरुशलेमेस निघाला होता आणि वाट शोमरोनातून होती. उतरण्याची सोय करण्यास त्याने माणसे पुढे पाठविली. परंतु शोमरोन्यांच्या एका गावाने त्याला उतरू दिले नाही, कारण तो यरुशलेमेकडे जात होता. दारी आलेल्या वाटसरूस परत लावणे हा केवढा अपमान आहे हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. याकोब व योहान या भावांस तो सोसवला नाही. आम्ही आकाशातून अग्नी पाडून यांस भस्म करावे अशी आपली इच्छा आहे काय, असे त्यांनी प्रभूला विचारिले. मार्काच्या शुभवर्तमानात (३ : १७) या भावांस प्रभूने गर्जनेचे पुत्र असे नाव दिल्याचे लिहिले आहे. ते नाव येथे शोभले खरे.

या भावांस सहज दोष देऊ नये. त्यांचा राग स्वतःच्या अपमानाचा नव्हता, निदान त्यांस तसे वाटत नव्हते. ज्याच्यावर त्यांची प्रीती होती त्याचा अपमान झाला होता. त्यांस शास्त्राचाही आधार होता. एलीया संदेष्ट्याला धरून नेण्यास शोमरोनच्या राजाने पन्नास-पन्नास शिपायांच्या टोळ्या पाठविल्या, आणि पहिल्या दोन टोळ्या, नायक धरून एकशे दोन माणसे, आकाशातील अग्नीने भस्म झाली. ती गोष्ट याच मुलुखातली. लूकाच्या कित्येक जुन्या हस्तलेखांत तर शिष्यांच्या तोंडी एलीयाचे नावही आले आहे. म्हणजे प्रभूवर प्रीती, शास्त्राचे ज्ञान आणि प्रार्थना ऐकली जाईल हा भरवसा, ही तिन्ही त्यांच्यापाशी होती. तरी प्रभूने वळून धमकाविले ते त्यांसच. त्या गावाला त्याने एक शब्दही लाविला नाही.

मग ते दुसऱ्या गावास गेले. लूकाने हे इतक्या थोडक्यात सांगितले आहे की वाचता वाचता ते निसटून जाते. जेथे स्वीकार होणार नाही तेथे पायांची धूळ झटकावी असे याच अध्यायाच्या आरंभी प्रभूने शिष्यांस सांगितले होते. परंतु या गावाबाहेर त्याने स्वतः धूळ झटकल्याचे लिहिलेले नाही. उलट पुढच्याच अध्यायात त्याने जो दृष्टांत सांगितला, त्यात वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्यास उचलून नेणारा मनुष्य कोण? याजक नव्हे, लेवी नव्हे, शोमरोनी. ज्या लोकांनी त्याला दार लाविले त्यांच्यातलाच एक त्याने दयेचा कित्ता म्हणून सर्व जगापुढे उभा केला. अपमानाचे याहून थोर उत्तर कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्या गावाचे दुखणे

शोमरोनी लोकांनी असे का केले हेही पाहिले पाहिजे. त्यांचे उपासनेचे स्थान गरिज्जीम डोंगर. तेथे त्यांचे मंदिर होते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात यहूद्यांचा अधिपती योहान हिर्कान याने स्वारी करून ते उद्ध्वस्त केले. ही जखम शोमरोन्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उघडी राहिली. यरुशलेमेस निघालेला यहूदी पाहिला की त्यांस आपले पडलेले मंदिर आठवणार यात नवल ते काय? त्यांनी देवाच्या पुत्रास ओळखून धिक्कारिले असे नाही. त्यांनी एका यहूदी यात्रेकरूस धिक्कारिले. शिष्यांस जी प्रभूची निंदा वाटली ती पुष्कळ अंशी जुन्या दुःखाची ओरड होती.

आमच्या गावांतही हे घडते. एका बाईचा मुलगा ख्रिस्ती झाला आणि बाप वारला तेव्हा त्याने पिंडदान करण्याचे नाकारिले. ती बाई मंदिराच्या दारावरून जाताना आमच्या प्रभूचे नाव घेऊन टोचून बोलली, तर ती ख्रिस्ताची निंदक झाली काय? मुलाने विवेकास धरून केले ते योग्यच केले असेल. परंतु आईचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. तिच्या टोमण्यास उत्तर देण्यापूर्वी मुलगा तिच्या घरी किती वेळा जातो, तिचे औषधपाणी कोण पाहतो, हे विचारिले पाहिजे. तसेच गावकीचे. देवीच्या वर्गणीस ख्रिस्ती मनुष्य नाही म्हणतो, आणि त्याने नाहीच म्हटले पाहिजे. परंतु विहिरीचा गाळ काढण्याच्या दिवशी तो सर्वांच्या आधी आत उतरला काय? उतरला असेल तर त्याचा नकार लोक समजून घेतात. वर्गणीसही नाही आणि गाळ काढण्यासही नाही, असे असेल तर सोंगाड्याला आयते सोंग मिळते, आणि त्यात दोष सगळा सोंगाड्याचा नसतो.

'बाटगा', 'पोटासाठी धर्म सोडला', हे शब्द आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असतील. यांचे ओझे मोठे आहे. १८७६-७८ च्या आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी उपाशी लोकांस अन्न व काम दिले, आणि त्यानंतर पुष्कळ लोक मंडळीत आले, ही गोष्ट खरीच आहे. ती झाकण्याचे कारण नाही. आमच्या आजोबाला भुकेच्या वेळी भाकर मिळाली. मग ती कोणाच्या नावाने मिळाली हे त्याने विचारिले. असे एखाद्याने न रागावता सांगितले, तर त्यात लाज कसली? टोमणा मारणाऱ्यास वाटते की त्याने आपल्या मर्मावर घाव घातला. तेथे मर्म नसून कृतज्ञता आहे हे त्याला दिसले म्हणजे पुढले बोलणे निराळ्या सुरात होते.

थट्टा की प्रश्न?

कित्येकदा आपण ज्यास थट्टा समजतो तो एक ओबडधोबड प्रश्न असतो. पन्नासाव्या दिवशी शिष्य नाना भाषांत बोलू लागले तेव्हा काही लोक त्यांस दारूडे म्हणून हसले. पेत्राने काय केले? तो रागावला नाही. आता सकाळचा पहिला प्रहर आहे, या वेळी कोण प्यालेला असतो, एवढे त्याने साधेपणाने सांगितले आणि मूळ गोष्टीस हात घातला. अथेनै नगरात पौलाने मृतांच्या पुनरुत्थानाचा विषय काढताच काही हसले, काही म्हणाले की तुझे पुन्हा ऐकू; आणि थोड्यांनी विश्वास ठेविला, त्यांत अरियपगाच्या सभेतला दिओनुस्य आणि दामारी नावाची एक बाई होती. हसणारे, पुन्हा ऐकू म्हणणारे आणि विश्वास ठेवणारे एकाच घोळक्यात उभे होते. हसणाऱ्यांवर पौलाने तेथे आग पाखडिली असती तर दामारी ऐकत उभी राहिली असती काय?

चावडीवरचा तो प्रश्न आता पुन्हा घेऊ. ज्याला स्वतःला वाचविता आले नाही तो इतरांस काय वाचविणार? हा प्रश्न नवा नाही. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या मुख्य याजकांनी हेच म्हटले, आणि मार्काने ते लिहून ठेविले आहे. त्याची लाज वाटली असती तर मंडळीने ते वचन गाळले असते. मंडळीने ते गाळले नाही, कारण थट्टेच्या त्या शब्दांत शुभवर्तमानाचे बीजच आहे : इतरांस वाचवावयाचे म्हणून त्याने स्वतःला वाचविले नाही. तेव्हा चावडीवर हा प्रश्न येईल त्या दिवशी उपदेशकाने रागावून उठू नये, खाली बसावे. 'दादा, तुम्ही खरे बोललात, तेच मला तुम्हांस सांगावयाचे होते,' असे म्हणून आरंभ करावा. विचारणाऱ्याने आपण होऊन दार उघडिले आहे.

भिंतीवरचे चित्र

थट्टा सोसण्याचा प्रसंग आपल्याच वाट्यास आला असे कोणी समजू नये. आरंभीच्या शतकांतील मंडळीने ती कशी सोसली याची एक खूण आजही पाहावयास मिळते. रोम शहरात पॅलाटाइन टेकडीवर बादशाही वाड्यातील चाकर मुलांस शिकविण्याची एक इमारत होती असे समजतात. १८५७ साली तेथील एका भिंतीवर खिळ्यासारख्या टोकदार वस्तूने कोरलेले चित्र सापडले. वधस्तंभावर एक मनुष्य आहे. त्याला डोके गाढवाचे आहे. खाली एक तरुण हात वर करून उभा आहे. बाजूस वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिले आहे की आलेक्सामेनस आपल्या देवाची उपासना करीत आहे. चित्र साधारणपणे इ. स. २०० च्या सुमाराचे मानतात. एका ख्रिस्ती मुलाला त्याच्या सोबत्यांनी असे चिडविले. तो मुलगा कोण, कोठला, पुढे त्याचे काय झाले, याचा इतिहासात मागमूस नाही. परंतु १८७० साली त्याच इमारतीच्या दुसऱ्या एका खोलीत, निराळ्या हस्ताक्षरात, लॅटिन भाषेत दोनच शब्द सापडले. त्यांचा अर्थ : आलेक्सामेनस विश्वासू आहे. ते शब्द त्याने स्वतः लिहिले की त्याच्या एखाद्या मित्राने लिहिले, ते असो. त्यांत चिडविणाऱ्यांस शिवी नाही, शाप नाही. शाळेत ज्या ख्रिस्ती मुलांस चिडविले जाते त्यांस ही गोष्ट अवश्य सांगावी.

त्याच सुमारास आफ्रिकेतील कार्थेज नगरात टर्टुलियन नावाचा मोठा विद्वान ख्रिस्ती लेखक होऊन गेला. त्याच्या शहरातही कोणी एकाने ख्रिस्ती लोकांच्या देवाचे म्हणून एक चित्र मिरविले होते. त्यात गाढवाचे कान, एक पाय खुराचा, अंगात झगा आणि हातात पुस्तक असे होते. सुमारे १९७ साली लिहिलेल्या आपल्या समर्थनपर ग्रंथात टर्टुलियन म्हणतो की ते नाव व ते रूप पाहून आम्हांस हसू आले. हे आम्हांस फार आवडते. ज्याचा देव खरोखर जिवंत आहे त्याला एका चित्राने घाबरण्याचे काय कारण? परंतु खरे तेच सांगावयाचे तर याच लेखकाने नाटके व खेळ यांविषयी लिहिलेल्या दुसऱ्या एका ग्रंथाच्या शेवटी न्यायाच्या दिवसाचे चित्र काढिले आहे, आणि ज्या राजांनी, तत्त्ववेत्त्यांनी व नटांनी ख्रिस्ती लोकांचा छळ किंवा उपहास केला त्यांस अग्नीत जळताना पाहून आपणांस किती आनंद होईल हे उल्हासाने वर्णिले आहे. टर्टुलियन पंडित होता; परंतु या ठिकाणी तो याकोब व योहान यांच्या बरोबर त्या शोमरोनी गावाबाहेर उभा आहे, आणि प्रभूने ज्यांस धमकाविले त्यांत त्यालाही धरिले पाहिजे. वाड्यातल्या त्या चाकर पोराची साक्ष आम्हांस त्याच्या या पानांहून मोठी वाटते.

आपल्याच जिभेविषयी

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. इतरांनी आमच्या विश्वासाची थट्टा करू नये असे म्हणणाऱ्यांनी इतरांच्या विश्वासाची थट्टा केलेली आहे. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकातील आमची कित्येक छापील पत्रके आज वाचिली तर मान खाली जाते. शेजाऱ्याच्या देवास हसल्याने शेजारी आपल्या देवाकडे येईल असा त्यांच्या लेखकांचा समज दिसतो. अजूनही एखादा नवशिका उपदेशक बाजारात उभा राहून असेच बोलतो. इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांवर जमाव चालून आला तेव्हा नगराच्या चिटणिसाने लोकांस शांत करून काय सांगितले ते प्रेषितांची कृत्ये १९ : ३७ यात पाहा. ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत, अशी ग्वाही त्याने दिली. तो ख्रिस्ती नव्हता. पौलाने त्या शहरात सुमारे तीन वर्षे उपदेश केला, हातांनी केलेले देव हे देव नव्हेत असेही सांगितले, तरी देवीची निंदा त्याच्या तोंडून निघाली नाही असे परक्या अधिकाऱ्याने भर सभेत म्हणावे, ही केवढी साक्ष! आमच्या तलाठ्याने किंवा पाटलाने आमच्याविषयी अशी साक्ष दिली असती काय, हे प्रत्येक मंडळीने आपल्याशी ताडून पाहावे.

आमच्या महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ज्या १८५७ सालात रोमला ते चित्र सापडले, त्याच सालात मुंबईस समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. ऐकावयास मोठी गर्दी जमे. या वादांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. या बोवेनसाहेबाची गोष्ट अशी की १८४४ सालापर्यंत तो स्वतः ख्रिस्ती धर्म न मानणारा होता. ज्या तरुणीवर त्याचे प्रेम होते ती आजारी पडून वारली आणि मरताना आपले पवित्र शास्त्र त्याला ठेवून गेली. ते वाचीत जा, एवढीच तिची विनंती होती. तिने त्याच्याशी वाद केला नाही किंवा त्याला दोषी ठरविले नाही. तोच मनुष्य १८४८ साली मुंबईस आला, त्याने मिशनचा पगार सोडून दिला, गरिबांच्या वस्तीत राहिला, आणि १८८८ साली मरेपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर उपदेश करीत राहिला. रस्त्यावर त्याला हसणाऱ्यांची वाण पडली नसेल. परंतु अविश्वासी मनुष्य आतून कसा असतो हे त्याला स्वतःवरून ठाऊक होते.

आणि विष्णुबुवा? आमच्या लोकांत त्यांचे नाव केवळ विरोधक म्हणून घेतात. परंतु त्यांनीच १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून, सर्व प्रजा एक कुटुंब मानावी आणि जमिनीचे पीक सर्वांनी मिळून खावे, असा विचार मांडिला. भुकेल्यांविषयी ज्याला एवढी कळकळ, त्याच्याशी आमचे बोलणे केवळ वादाचेच का व्हावे? मनुष्यावर 'निंदक' अशी चिठी चिकटविली की त्याच्यातले हे सारे दिसेनासे होते. निवाडा करणाऱ्याचे पहिले नुकसान हेच.

सोसावयाचे काय आणि न सोसावयाचे काय

कोणी म्हणेल, मग आमच्यावर काहीही होऊ द्यावे काय? नाही. थट्टा व अन्याय यांत भेद केला पाहिजे. पाणवठा बंद करणे, मारहाण करणे, जमीन बळकाविणे, मजुरी अडविणे, ही थट्टा नव्हे. पुष्कळ खेड्यांत ख्रिस्ती मनुष्यास जे टोमणे ऐकावे लागतात ते त्याच्या प्रभूवर नसून त्याच्या पूर्वजांच्या जातीवर असतात, हेही आम्ही जाणतो. राज्यघटनेने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली आहे. अशा अन्यायाविरुद्ध सरकारदरबारी दाद मागणे यात प्रीतीचा भंग नाही. फिलिप्पै नगरात चौकशीवाचून फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांस पौलाने स्वतः येऊन आपणांस बाहेर काढण्यास लाविले. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारिली तेव्हा प्रभूने उलट मारिले नाही, पण का मारितोस असे विचारिले मात्र.

निव्वळ थट्टेची गोष्ट निराळी. धर्मभावना दुखविण्याच्या हेतूने केलेल्या अपमानाविरुद्ध १९२७ साली दंडसंहितेत २९५-अ हे कलम घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९९ वे कलम त्याच्या जागी आले आहे. कायद्याचा मान राखावा. परंतु सोंगाड्याच्या एका सोंगासाठी चौकीवर धावल्याने गाव गप्प बसेल, ऐकू लागणार नाही. त्याच सोंगाड्याचे मूल आजारी पडले तर रात्री बैलगाडी जुंपून त्याला दवाखान्यात कोण नेतो, याकडे गावाचे लक्ष असते.

पेत्राचा अनुभव

आजचा मुखपाठ पेत्राच्या पत्रातील आहे, आणि तो लिहिणारा कोण हे विसरू नये. एकाच रात्री पेत्राने दोन्ही चुका केल्या. बागेत त्याने तरवार उपसून मल्ख नावाच्या दासाचा कान छाटिला. आणि काही वेळाने शेकोटीजवळ एका दासीच्या बोलण्याला भिऊन, मी त्या मनुष्यास ओळखीत नाही असे म्हटले. तरवार व नकार ही परस्परांच्या अगदी उलट दिसतात; परंतु दोन्ही एकाच भीतीच्या पोटची. आम्हीही चावडीवर भांडून येतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत आपण ख्रिस्ती आहों हे सांगण्यास कचरतो. त्या रात्रीच्या आठवणीने पोळलेला हा मनुष्य पुढे मंडळ्यांस लिहितो की तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व देवाचे भय बाळगून द्या. उत्तर दिले पाहिजे. मुके राहण्याची मोकळीक नाही. परंतु 'विचारणाऱ्यास' हा शब्द पाहा. ज्याची वागणूक पाहून कोणास काही विचारावेसे वाटत नाही, त्याच्यापाशी उत्तर असून उपयोग काय? याच पत्रात 'ख्रिस्ती' हे नावही आले आहे (४ : १६). सबंध नव्या करारात ते तीनच वेळा येते. अंत्युखियातील बाहेरच्या लोकांनी ते प्रथम टोपणनावासारखे, कदाचित हसण्यासाठीच, लाविले असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. आज आपण ते आपल्या मुलांच्या दाखल्यावर लिहवितो.

आता योहानाकडे परत येऊ. स्तेफनाचा वध झाल्यावर शिष्यांची पांगापांग झाली, आणि फिलिप्प शोमरोनात जाऊन ख्रिस्ताची घोषणा करू लागला. लोकांनी वचन स्वीकारिले. हे यरुशलेमेस कळल्यावर प्रेषितांनी तिकडे दोघांस पाठविले : पेत्र, आणि योहान. ज्याने या लोकांवर आकाशातून अग्नी मागितला तोच हा योहान. त्याने आता त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेविले, आणि त्यांस पवित्र आत्मा मिळाला. परत जाताना त्या दोघांनी शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली असे लूक लिहितो (८ : २५). त्यांत ते गाव होते की काय हे तो सांगत नाही. परंतु वाट यरुशलेमेचीच होती, आणि ते गाव जळालेले नव्हते.

शिक्षकांस सूचना

लहान मुलांच्या वर्गात शोमरोनी गावाची गोष्ट, आलेक्सामेनसचे चित्र आणि योहानाची दुसरी भेट एवढेच सांगावे. मोठ्यांच्या वर्गात कोणी विचारील की याच आठव्या अध्यायात पेत्र शिमोन जादूगाराशी एवढा कठोर का बोलला? तो मनुष्य बाहेरचा थट्टेखोर नव्हता. तो बाप्तिस्मा घेतलेला असून देवाचे दान पैशाने विकत घेऊ पाहत होता. आणि त्याला सुद्धा पेत्राने पश्चात्ताप करून प्रार्थना कर असेच सांगितले. वर्गात ही चर्चा काढावी : आपल्या गावात आपणांस कोणते टोमणे ऐकावे लागतात, त्यांतले खरे किती, आणि आपण शेजाऱ्यांच्या देवांविषयी घरात मुलांदेखत कसे बोलतो? शेवटी प्रत्येकाने, ज्या घराशी आपले बोलणे बंद आहे अशा एका घराचे नाव मनात धरावे आणि पुढल्या रविवारपर्यंत त्या घरासाठी रोज प्रार्थना करावी. नाव वर्गात मोठ्याने सांगू नये.